गाडीत दिलेला होकार

लातूर, रविवार संध्याकाळ

जुनी नॅरोगेज गाडी आज पर्यटकांसाठी पुन्हा धावली. द्राक्षमळ्यांतून जाते, आणि मी डब्यात वाइन देते. मला हे काम आवडतं. होणाऱ्या सासूबाई न सांगता डब्यात आल्या! आईनं त्यांना 'पोरगी रेल्वेत हाय' एवढंच सांगितलेलं, वाइनचं नाही. त्यांनी माझा हात धरला.

"लग्नानंतर हे सोडायचं, बरं का."

सगळा डबा ऐकत होता. चालत्या गाडीतून उतरणार कुठं?

"हाव," मी म्हणाले.

का म्हणाले? हात धरला नसता, तर मी वेगळं बोलले असते का काही?

घरी आले, तर आई शेजारणीला पेढे देत होती. "तुझ्या सासूबाईंचा फोन आला," मला म्हणाली. " पोरगी लई समजूतदार हाय म्हणाल्या."

मीही एक पेढा घेतला.