दोघांची सुटका

२ ऑक्टोबर

पोचले एकदाची! लग्नानंतर वर्षभर फोनवरच संसार केला, आजपासून खराखुरा. विमानतळावर हा नवा शर्ट घालून उभा होता, कॉलरचं लेबल काढायचं विसरलेला. घर दोन खोल्यांचं, पण खिडकी मोठी. पडदे याने आधीच लावलेत, एक लांब, एक आखूड. मी हसले तर म्हणाला, मी लिफ्टचा मेकॅनिक, लिफ्टची दारं सरळ बसवतो. पडदे हा माझा विषय नाही. सासूबाईंसमोर याला ‘अहो’ म्हणावं लागायचं. इथे दार लावलं की ‘अरे’. या एका सुखासाठीसुद्धा सातासमुद्रापार यायला हरकत नाही.

९ ऑक्टोबर

समोरच्या आजींशी गट्टी जमली. त्यांची भाषा मला येत नाही, माझी त्यांना, खुणांवर भागतं. आज त्यांनी मला खुणेने विचारलं की नवरा मारतो का. मी खुणेने सांगितलं, घोरतो. दोघी पोट धरून हसलो. सरहद्दीवर काहीतरी धुमसतंय म्हणे. याच्या वर्कशॉपचे उस्ताद, आपल्याच मुलखातले, म्हणाले, हे दरवर्षीचंच आहे, गरजेल तो पडेल काय!

१४ ऑक्टोबर

पडेल काय, कोसळलंच. पहाटेपासून बॉम्ब. न्हाणीघरात एकमेकांना धरून बसलो. मग आपल्या दूतावासाचा निरोप आला: आपल्या लष्कराची विमानं येताहेत, हाताला लागेल ते घ्या आणि चौकातल्या शाळेत जमा व्हा. बॅग भरत होतो, तेवढ्यात याला फोन आला. हॉस्पिटलची लिफ्ट तळघरापाशी अडकली होती, आत रुग्ण. मी म्हटलं, नको ना जाऊस. बूट चढवत म्हणाला, “अगं, हा गेलो नि हा आलो. तू कुलूप शोधून ठेव.”

संध्याकाळी

आला! देव पावला. डोक्यापासून पायापर्यंत धुळीने पांढराफटक. बोलत मात्र नाही. पाणी दिलं, घेतलं नाही. हात गार पडलेत. धसका घेतलाय बहुतेक. भिंतीला टेकून बसलाय आणि बोटांच्या पेरांनी फरशीवर ठोकतोय. ठोकतो, थांबतो, परत ठोकतो.

१५ ऑक्टोबर, शाळेत

वर्गांतून आपलीच माणसं, दाटीवाटीने. आपल्या भाषेत ओरडणारा सुभेदार बघून मला रडूच फुटलं. त्याने एकच घोंगडी दिली. मी म्हटलं, दोन द्या, आम्ही दोघं आहोत. त्याने माझ्या शेजारी पाहिलं, मग माझ्याकडे, आणि अगदी हळू विचारलं, “ताई, काही खाल्लंय का तुम्ही?”

पलीकडच्या बाईने आपल्या लेकीला जवळ ओढलं आणि लांब सरकली. कमाल आहे. हा इथेच तर बसलाय माझ्याजवळ. फक्त त्याची धूळ माझ्या ओढणीला लागत नाही.

दुपारी

उस्ताद शोधत आले. नखं फुटलेली, डोळे सुजलेले. मी म्हटलं, बघा, सुखरूप आलाय हा. ते माझ्याकडेच बघत राहिले. मग समोर मांडी घालून बसले आणि सांगितलं. रुग्णांना याने बाहेर काढलं, सगळ्यांना. शेवटी हा निघणार, तोच इमारत वरून खाली बसली. हा लिफ्टमध्येच आहे. कालपासून हातांनी ढिगारा उपसताहेत, यंत्र मिळत नाही. पण जिवंत आहे म्हणाले. आतून ठोकतोय. ठोकतो, थांबतो, परत —

मी शेजारी बघितलं.

१६ ऑक्टोबर

उस्ताद कालच परत गेले, उपसायला, मला इथेच थांबवून. आज मी हॉस्पिटलकडे निघाले तर वाटेतला पूल उडवलाय. सुभेदाराचे पाय धरले. म्हणाला, ताई, पलीकडे माझाही माणूस जाऊ शकत नाही, आणि हे शेवटचं विमान आहे.

मी फाटकाकडे धावले — दोन जवानांनी उचललं — चावले मी त्यांना — त्यातला एक रडत होता —

हा मागून चालत आला. त्याला कुणी अडवलं नाही.

विमानात

पट्टे बांधलेत. हा शेजारी. ठोकणं मंद झालंय. मधे किती थांबतो — मी म्हणतेय, श्वास जपून घे, उस्ताद येताहेत, झोपू नकोस रे —

खाली नुसता समुद्र.

बोलला! पहिल्यांदाच. मान वर करून, कुठून तरी उजेड दिसावा तशी.

“वर कुणीतरी खणतंय. तूच ना गं?”

आणि मी इथे, ढगांत —

हो म्हटलं. हो रे, मीच. आलेच. हात दे.

दिला त्याने. गरम आहे. अरे, गरम आहे हात, आणि ठोकणं थांबलंय —