पुसून तपासणी

सोमवार, ३ जून
नव्या नोकरीचा पहिला दिवस! खिडकीजवळचं टेबल, न करकरणारी खुर्ची, चहाही बरा. आणखी काय हवं? कामही हातखंड्याचं: नव्या मेमरी चिपचा ड्रायव्हर, म्हणजे ती चालवणारा प्रोग्रॅम, कर्नेलमध्ये, संगणकाच्या गाभ्यात, नीट बसवायचा. आधीच्या इंजिनिअरने सगळं जुळवून ठेवलंय. फक्त ‘पुसून तपासणी’ हा पर्याय बंद, आणि शेजारी शेरा: ‘हात लावू नका.’ काय म्हणावं या आळसाला! चिप नीट पुसली जाते की नाही हे न बघताच माल विकायचा? मी पर्याय चालू केला.

घरी आल्यावर ठमीने गळ्यात पडून गाणं म्हणायला लावलं. ‘मोजा गेला पोहायला, चप्पल बसली रडायला.’ ती जन्मली तेव्हा मीच रचलेलं. ना चाल, ना अर्थ. पण त्याशिवाय बाईसाहेब झोपत नाहीत. तिचा बाबा म्हणाला, ऑफिसात गाऊ नकोस, पहिल्या आठवड्यातच नारळ देतील.

गुरुवार, ६ जून
पुसलेली चिप रिकामी दिसायला हवी. वाचली तर आत अक्षरं. पुन्हा पुसली, पुन्हा भरली. दुसरी चिप लावली, तेच.

फाटकाशी रोज एक नीटनेटका माणूस पहारेकऱ्याला स्वतःच्या घराचा पत्ता विचारत असतो. माझ्या खुर्चीवर आधी तोच बसायचा म्हणे. बायको न्यायला येते, तर तिलाही विचारतो, आपण कोण?

घराची किल्ली कुठे ठेवते तेच आज आठवेना.

मंगळवार, ११ जून
चिपमधली अक्षरं नीट वाचली. ताईने माझ्या वेणीला डिंक लावला होता, ती हकिगत. मी कुणालाही न सांगितलेली. आणि वाचताना ती मला परकी वाटली. घरी आल्यावर डोक्यात प्रकाश पडला: चिप पुसली की माझ्यातलं काहीतरी निघून तिच्यात उतरतं. मला फार भीती वाटतेय. ठमीपर्यंत पोचायच्या आत थांबवायला हवं. उद्या गेल्या गेल्या पर्याय बंद. आत आहे ते पुसायचं नाही. माझं गेलेलं तेवढंच तिथे उरलंय.

बुधवार, १२ जून
कालचं वाचलं. कोण ताई? मला बहीण नाही. मनाचे खेळ सगळे. तपासणी छान चाललीय, बंद कशाला—

शुक्रवार, १४ जून
घरात एक पुरुष आहे. प्रेमाने बोलतो. ठमीचा बाबा म्हणतो स्वतःला. मी आपण कोण विचारलं तर रडला. रजा घे म्हणाला. कशाला? काम येतं मला. काम तेवढं—

सोमवार, १७ जून
तो पुरुष बाहेर जाऊ देत नाही. ऑफिसातली चिप पर्समध्येच राहिली होती, इथेच घरच्या संगणकाला लावली. आत कुणाचं तरी काहीबाही. मोजा गेला पोहायला, चप्पल बसली— ना चाल, ना अर्थ. कचरा.

दाराशी एक लहान मुलगी. झोप येत नाही म्हणते. गाणं म्हण म्हणते. कुठलं—

पुसलं.

या वेळी आत काही नाही. रिकामी. जमलं एकदाचं!

मुलगी सोडत नाही. आई, आई म्हणून घट्ट— कुणीतरी हिला हिच्या आईकडे