तीन टिंबांचा घण

४ एप्रिल १९०९, रविवार. जुन्नर
बाजारात नेहमीच्या जागी सुंभ वळत बसलो होतो. शेजारच्या लोहाराकडे पिंपळवंडीचा एक शेतकरी कुऱ्हाड घेऊन आला. धारेचा बोटभर तुकडा उडालेला. "हितल्याच बंद पडलेल्या कारखान्याची हाय. बाभळीवर दुसराच घाव घातला अन् टुकडा कानाजवळनं गेला राव!" सांगताना हसत होता. लोहाराने उलटसुलट करून पाहिली. "तीन टिंबांची खूण हाय. कुनाची ही? इब्रामभाऊ, तुमी व्हता ना तिथं?"
म्हटलं, आठवत नाही.
कुऱ्हाड हातात घेऊन तुटल्या जागेवर बोट फिरवलं. आतल्या पोलादाचा दाणा भरड रव्यासारखा. जादा तापवून पाणी दिलेलं. कारखान्यात प्रत्येकाची खूण वेगळी असायची. तीन टिंबं माझी.

५ एप्रिल
काही सुचलं नाही. कारखाना बंद होऊन दोन वर्षं झाली, पण आज दिवसभर मी तिथेच होतो. नदीकडचा अंधारा कोपरा, खिडकीला गोणपाट. उजेडात तापल्या पोलादाचा रंग कळत नाही, म्हणून अंधार. हत्यार नेमक्या रंगाला आलं की पाण्यात बुडवायचं. लवकर बुडवलं तर मऊ राहतं, उशीर झाला तर ठिसूळ. अठरा वर्षं मी तेवढंच केलं. पाणी द्यावं तर इब्राहीमने, असं मिस्त्री चार माणसांत म्हणायचे. मला ते फार आवडायचं.
शेवटच्या वर्षी रंग दिसेना. आधी डावा डोळा, मग उजवा. आताही हे लिहितोय ते बोराएवढ्या अक्षरांत, ओळी वाकड्या जातात. तेव्हा कुणाला बोललो नाही. भात्याचे दाब मोजायला लागलो. कुऱ्हाडीला चाळीस, घणाला नव्वद, की पाण्यात. बरेच महिने निभावलं. मग शेवटच्या पंधरवड्यात बाभळीचा कोळसा संपला आणि दगडी कोळसा आला. त्याची आग कडक. तोंडावर झळ जास्त लागत होती, मला कळत होतं. तरी तेवढेच मोजले.
मिस्त्रींनी एकदा विचारलं, "रंग दिसतोय ना रे नीट?"
म्हटलं, दिसतोय की.

६ एप्रिल
त्या पंधरवड्यात कुऱ्हाडी, कुदळी. आणि एक घण.
घणाचं आज सकाळी तोंड धुताना आठवलं.
तो कोंडिबाचा. निमगाव सावाचा कोंडिबा, लहानपणापासूनचा सोबती. त्याच्या वडलांची मेंढरं आमच्या घरामागे बसायची, तेव्हापासूनचा. कारखाना बंद होणार असं ऐकून मुद्दाम आला होता. "इब्राम, मला तुज्या हातचाच घण पायजे. हीर खांदीन तवा लागंल." मी स्वतः पाणी देऊन त्याच्या हातात ठेवला. टिंबंसुद्धा दाखवली, मोठ्या तोऱ्यात.
त्याने अजून विहिरीला हात घातला नसला म्हणजे बरं.

९ एप्रिल, शुक्रवार
नमाजानंतर निमगावचा एक तांबोळी भेटला. सहज विचारल्यासारखं विचारलं. "कोंडिबा व्हय? त्याची हीर खडकाला लागली की. सुरुंगाची भोकं पाडत्यात. त्यो घण घालतो अन् त्याची बायकू पहार धरती."
भागूवहिनी. पहार धरणारा खाली बसतो, दर घावाला पहार जरा फिरवतो. तोंड हातभरावर. घणाचा टवका उडाला तर
नको.

१० एप्रिल
निमगावला निघालो होतो. पिंपळवंडीच्या अलीकडून परत फिरलो. घरी सांगितलं, ऊन सोसलं नाही. साफ खोटं. मी घाबरलो. भागूवहिनीच्या डोळ्यांसाठी घाबरलो असतो तर पाय पुढे पडले असते. ते मागे वळले ते माझ्या नावासाठी. अठरा वर्षांचं नाव, आणि तेही आता कोण घेतं!
दिवसभर कानात ठण् ठण्.

१२ एप्रिल
खतीजाला सगळं सांगितलं. बायको आहे, ओरडेल वाटलं. भाकरी थापत राहिली. "डोळ्याचं मला तवाच ठाव व्हतं. ताट हाताला लागंल असं सरकवीत व्हते, त्ये काय लाडानं?"
मला हसू आलं, आणि मग हसू राहिलं नाही.
"उद्या जायाचं," म्हणाली. "तुमी न्हाई आलात तर मी एकली जाईन."

१३ एप्रिल. निमगाव
पहाटेच्या बैलगाडीने. गाडीतून उतरलो आणि शिवारातूनच घणाचा आवाज आला. दर घावाला मी जागच्या जागी थांबायचो, खतीजा हाताला धरून ओढायची. विहिरीच्या काठावरून ओरडलो, थांब! खालून कोंडिबाचा आवाज, "अगं ये, पावणं आलं बग!" आवाज एवढा आनंदाचा की मी काठावरून दोन पावलं मागे सरलो.
वर आले दोघं. "धा दिस झालं, लई ग्वाड चाललाय तुजा घण," म्हणाला.
सांगितलं. डोळे, आकडे, कोळसा, सगळं.
मग कोंडिबा म्हणाला, "तवाच बोलला असतास तर मी काय तुला टाकला असता?"
भागूवहिनी पदराने तोंडावरची खडकाची भुकटी पुसत होती. तोंडावरची. मला खाली बघावं लागलं. ती म्हणाली, "आनिक कुनाकुनाला दिल्यात असली?"
कुऱ्हाडीचं सांगितलं. बाकीची कुठे आहेत, मला माहीत नाही.
कोंडिबा : "मग परत पानी दे ह्याला."
मी : "मला दिसत नाही रे."
खतीजा : "मला दिसतंय."

१५ एप्रिल. जुन्नर
काल चौघंही जुन्नरला आलो. आज कारखान्यात गेलो. राखणदाराने ओळख दिली, दार उघडलं. आत पारव्यांचा संसार. माझा कोपरा तसाच, गोणपाट तसंच, दगडी कोळशाचा उरलेला ढीगही. कारखान्याचा भाता लोहाराने घेतला होता, तोच आणला. कोंडिबा भात्यावर, मी सांडशी धरून, खतीजा माझ्या खांद्याशी.
तिला रंग सांगितला : डाळिंबाचा दाणा. त्याच्या पुढे केशरी होतो, तो नको. सुरुंगाच्या दारूजवळ दिवा न्यावा तसा जीव मुठीत धरून उभा होतो.
"न्हाई... न्हाई अजून... आता!"
पाण्यात घातला. चर्र झालं, वाफ तोंडावर आली.
मोजायचं नाही असं ठरवलं होतं, पण आकडे आपोआप चालू होते. ती 'आता' म्हणाली तेव्हा बासष्ट झाले होते. मी नव्वद मोजायचो. अठ्ठावीस दाब जादा. त्या पंधरवड्यातलं प्रत्येक हत्यार असंच जादा तापलेलं. या खुदा.

१६ एप्रिल
कोंडिबा घण खांद्यावर घेऊन खूष. लोहाराने धार लावायच्या दगडावर घासून पाहिला, बरा वाटतो म्हणाला. बरा वाटतो. यापलीकडे कुणाला सांगता येत नाही. ते घाव घातल्यावरच कळतं.
दोन्ही पाहुणे आमच्याकडेच. जेवताना भागूवहिनी शांतपणे म्हणाली, "पयल्या घावाला पहार तुमी धरा, भाऊजी."
कोंडिबा तिच्यावर डाफरला. मी म्हटलं, बरोबर आहे त्यांचं. पहार धरायला डोळे लागत नाहीत. आवाज नीट निघाला माझा.
रविवारी बाजारात पिंपळवंडीवाल्याला गाठायचं. तीन टिंबं माझी, असली हत्यारं असतील तर परत आणा, हे चारचौघांत मोठ्याने सांगायचं. त्याआधी उद्या निमगाव.
खतीजा वाटेच्या भाकरी बांधत होती. मधेच थांबली.
"त्यो रंग डाळिंबाच्या दान्यावानीच व्हता, न्हवं?"
म्हटलं, "मी कुठं पाहिला? तू सांगितलास ना."
"व्हय, सांगितला," म्हणाली. "पर तापलं पोलाद मी पयल्यांदाच बगत व्हते."
गाडी पहाटे निघते. पहार किती घट्ट धरायची, ते कोंडिबाला विचारून ठेवलं आहे.