चार-चार काड्या

मंगळवार, ८ जुलै. संध्याकाळ.

सुनंदा आपल्या तेजूला माझ्या अंगणवाडीतून काढतेय. उद्यापासून शहापूरची नर्सरी, गाडीने. चार वर्षांची पोर तिथे ओळीत बसून आकडे गिरवणार.

आणि हे मीच ओढवून घेतलं! सकाळी पोरांनी अंगणातल्या चिखलात आपण होऊन भाताच्या आवणीचा, लावणीचा खेळ मांडला. रोपं म्हणून गवत. तेजू मुकादम. प्रत्येकाला चार-चार काड्या मोजून देत होती. कुणाला तीन गेल्या की परत मागून चार करायची. मी हरखले. रस्त्याने सुनंदा चालली होती, तिला हाक मारली. म्हटलं, बघ तरी, लेक कशी मोजते!

ती शेतातूनच आलेली, गुडघ्यापर्यंत चिखल. बघत राहिली. मग म्हणाली, "बाई, आवणी मी पन शिकवीन तिला. ती करायला लागू नाय म्हनून तर तुमच्याकडं धाडते ना?"

खेळातून मूल शिकतं, हे प्रशिक्षणात मला तोंडपाठ झालंय. पण तिच्या त्या पायांकडे बघून ते कुठल्या तोंडाने सांगायचं? उद्यापासून शहापूर, म्हणत तिने तेजूला हाताला धरून नेलं.

मग बाकीचीही जातील म्हणून घाबरले. उरलेल्या पोरांना आत बसवलं, हातात पाट्या दिल्या. दुपारी दोघी आया खिडकीतून डोकावल्या. "आता कशी शाळा वाटते, बाई."

पोरं गेल्यावर त्यांनी अंगणात लावलेलं गवत उपटून टाकलं. उपटताना मोजत होते. चार, चार, चार. एकही जुडी चुकली नव्हती.