मार्थाच्या फोटोच्या किती प्रती

नंदुरबार, १९ फेब्रुवारी १९३७

मार्था आज दवाखान्यातून धावतच आली. चपला हातात. डॉ. बाईंनी अखेर मनावर घेतलं. म्हणाल्या, डोळे तपासून चष्म्याचा नंबर काढायचं शिक्षण तू रीतसर घे. पास होऊन आलीस की इथली जागा तुझी. "मावशी, मी चष्मेवाली होणार!" म्हणत पोरीने मला गरागरा फिरवलं. या वयात! पदर चुलीत जायचा राहिला.

सात वर्षांची होती तेव्हा नवापूरच्या डोंगरातून तिच्या वडिलांनी, दावीदने, शाळेसाठी माझ्याकडे आणून सोडली. आता अठरा पुरी. हे, इथले स्टेशनमास्तर, गेल्यापासून घरात आम्ही दोघीच.

डॉ. बाई म्हणतात, सहा ठिकाणी अर्ज कर. मला मनातून एकच हवं. मुंबई. सुरतेला गाडी बदलली की झालं. नाताळला घरी येईल.

२१ फेब्रु., रविवार

प्रार्थनेहून येताना मार्थाने कालची गंमत सांगितली. कोरीटचे एक म्हातारबाबा डोळे दाखवायला आले होते, म्हातारीला घेऊन. मार्थाने पेटीतल्या काचा एकेक करून लावल्या. नेमकी काच बसली तसे बाबा शेजारी बघतच राहिले.

"हाई इतली म्हतारी कधय व्हयनी?"

म्हातारी तिथल्या तिथे: "तू आंधया व्हता तधय!"

डॉ. बाईसुद्धा हसल्या म्हणे. मी वाटेत दोनदा थांबून हसले. गुडघ्यांना तेवढाच विसावा.

२३ फेब्रु.

सहापैकी दोन ठिकाणी मुली घेत नाहीत. उरली चार. मुंबई, मद्रास, लाहोर, कलकत्ता. नकाशा काढला. मद्रास बोटाने मोजलं तरी फार लांब. लाहोरच्या थंडीत ही काय पांघरणार, एवढंच डोक्यात आलं.

समोरच्या कापडदुकानाच्या केसरबाई शेठाणी पापड घेऊन आल्या होत्या. त्यांना सगळं सांगितलं. म्हटलं, लाहोर सोडून तीन करावीत का?

"तीन? मास्तरीणबाई, तीन तिगाडा, काम बिगाडा!"

"मग चार."

"चार तो कांधिया होवे है." म्हणजे तिरडीचे खांदेकरी. त्यांनी कानाला हात लावला.

"मग किती हो?"

"एक. छोरी अच्छी हो तो एक घर बहुत है."

मी म्हटलं, बाई, लग्न नाही, शिक्षण आहे. त्या म्हणाल्या, फोटो लागतो ना? वय विचारतात ना? घराण्याची माहिती? मग आणखी काय असतं!

अर्जात खरोखरच हे सगळं विचारलंय.

२७ फेब्रु.

दावीद बाजाराला आला तो थेट इथेच. अर्ज दाखवले. पालकाचा अंगठा प्रत्येकावर हवा. तो डोंगरातल्या बोलीत मार्थाशी बोलतो ते मला अर्धंच कळतं, म्हणून माझ्यासाठी बाजारची अहिराणी काढली.

"बाई, एक पोरले एकच घर दखाडतस. चार घर दखाडं का लोक इचारतस, पोर खराब शे का घर खराब शे?"

आणि वर, "आमनामा पोरवाला मांगाले जातस नही. पोऱ्यावाला येतस. शायले गरज ऱ्हायनी तं शाया येई."

म्हणजे मुलीकडचे मागायला जात नाहीत, मुलाकडचे येतात. शाळा येईल म्हणे. डोंगर चढून! मार्था खांबाला टेकून हसत होती. मग दावीदने पुढचं सांगितलं. खांडबाऱ्याची माणसं तिला मागायला येऊन गेली. चांगलं घर, विहीर आहे, मुलगा देवळात पेटी वाजवतो. पावसाच्या आधी उत्तर द्यायचंय. शाळा झाली तर शाळा. नाही झाली तर खांडबारा.

"एक कागदवर अंगठा लावस. कोनतं ते तुम्ही दोन्ही ठरावा."

जेवून गेला. माझ्या हातची वांग्याची भाजी त्याला आवडते, हे तेवढं बरं.

रात्री मार्था म्हणाली, "मुलगा वाईट नाही हो मावशी. पण पेटीसुद्धा सुरात वाजवत नाही."

२ मार्च

मुंबई एकच. ठरल्यासारखं झालंय. मला आनंद व्हायला हवा. होतोय, पण…

दुपारी पुण्याचे दिवस आठवत बसले. कॉन्व्हेंटची लांब ओसरी, मेणाचा वास, आम्ही मुली रांगेने. शेवटच्या वर्षी सिस्टर म्हणाल्या होत्या, या मुलीला पुढे शिकवा. बाबांनी लगेच पत्र घातलं. एकाच कॉलेजला. एक घर, एक दार, असा त्यांचाही हिशेब. उत्तर आलंच नाही. नकारही नाही. मी रोज फाटकापर्यंत जायची. मग पावसाळा लागला, आणि रेल्वेतलं यांचं स्थळ आलं.

सुख लागलं. यांच्यासारखा माणूस मिळायला भाग्य लागतं. तापीच्या पुलावरून ट्रॉलीत बसवून न्यायचे मला, गार्डाची शिट्टी हातात देऊन. तक्रार नाहीच. पण त्या कॉलेजच्या जागी तेव्हा दुसऱ्या एखाद्या गावाला पत्र गेलं असतं तर, हा विचार इतक्या वर्षांनी आज पहिल्यांदा आला. मजेचा वाटला. वाईट नाही वाटलं.

मार्थाला मात्र मी फाटकापर्यंत जाऊ देणार नाही.

५ मार्च

फोटो. स्टुडिओवाल्याने तिला कुंडीजवळ उभी केली, हात टेबलावर, मान जरा खाली. मार्था म्हणाली, मान खाली कशाला? तर म्हणे, पाहुण्यांना तशीच आवडते. शेवटी ताठ मानेने, सरळ कॅमेऱ्यात बघत उभी राहिली. नाकाचा शेंडा चमकतोय, पण फोटो तिच्यासारखा आला.

"किती प्रती काढू, बाई?"

मी म्हटलं, थांबा थोडं.

१३ मार्च

दावीद प्रकाशा गावच्या शिवरात्रीच्या जत्रेहून परत जाताना मुक्कामाला. देवाला नाही, दोरखंड नि कोयता घ्यायला गेलो होतो, हे त्याने मी न विचारता दोनदा सांगितलं. नाकावर नवा चष्मा!

जत्रेत पाटीवर चष्मे मांडून बसतात, तिथला. मार्थाने विचारलं, निवडला कसा? तर, "एक घाला, धुक्कं. दुसरा घाला, चक्कर. तिसराबी तसाच. चौथा घाला तं चष्मावाला देखना दिसना. तोच ली लिधा."

मार्थाने त्याला उजेडात बसवून भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लावलं. अक्षर येत नाही, पण चित्रातल्या मेंढ्या मोजता येतात. चष्म्याने सहा, बिनचष्म्याने चार. खऱ्या पाच.

"बाबा," ती म्हणाली, "चष्मा चार घालून बघितलात. मग शाळा एकच का?"

दावीद हसला. पण हलला नाही. चष्म्यापायी नाक नाही कापलं जात, पोरीपायी जातं, म्हणाला.

मग मी सहज विचारलं, तुमच्याकडे मागणी घालायला येतात म्हणजे नेमकं काय म्हणतात? आणि ही गोष्ट अकरा वर्षांत मला पहिल्यांदा कळली.

"सिधं कोन्ही मांगत नही, बाई. एक जन येस नि म्हनस, आमनं वासरू हराई गयं, तुमनाकडे उनं का? पसंत ऱ्हायनं तं म्हनतस, बठा, पानी पिवा, देखूत. नही तं म्हनतस, अठे काय वासरू उनं नही. कोन्हालेच वाईट वाटत नही."

म्हणजे बसा, पाणी प्या म्हटलं की होकार, इकडे वासरू आलं नाही म्हटलं की नकार.

"आणि एकच वासरू चार घरी विचारलं तर?"

"इचारो ना. वासरू कोठेबी जास."

मी अर्ज उचलले. "मग दावीद, ही चार वासरं समज."

त्याने माझ्याकडे बघितलं. मग मार्थाकडे. "पन वासरू पोऱ्यावाला धाडतस."

"तर या खेपेला आम्ही पोराकडचे!" मार्था म्हणाली. दावीद असा हसला की चष्मा मांडीवर पडला.

अंगठे उठले. चारी. शाई खांबाला पुसली. असो.

पण एक अट घातली त्याने, आणि ती हसत नाही घातली. पाणी एकाच घरचं प्यायचं. जी शाळा पहिली हो म्हणेल तिथेच पोर जाईल. एकाने बसा म्हटल्यावर दुसऱ्या दाराकडे बघायचं नाही.

मार्था लगेच "कबूल" म्हणाली. मी जरा उशिरा.

१४ मार्च, रविवार

प्रवचनात लक्ष नव्हतं. चार अर्ज गेले तर कुठून तरी होकार येईलच, आणि खांडबारा टळेल. पण पहिला होकार मद्रासचा आला तर? लाहोरचा? एकच मुंबईला धाडला तर नाताळला घरी येईल, किंवा कुठेच जाणार नाही. म्हणजे जितके अर्ज जास्त, तितकी ती सुटणार नक्की, आणि तितकीच माझ्यापासून लांब जायची शक्यता जास्त. देवाने अंकगणित माझ्यासाठी निर्माण केलेलं नाही.

संध्याकाळी भाजी निवडताना हळूच सुचवलं. मुंबईचा उद्या टाकू, बाकीचे आठवड्याने. गर्दी नको पोस्टात.

मार्थाने भाजी खाली ठेवली. "मावशी, शर्यतीत एका बैलाला आधी सोडायचं?"

पकडली गेले. दोघी हसून हसून लाल. मग ती म्हणाली, "मद्रासला रोज शेकडो डोळे तपासायला मिळतात, डॉ. बाई सांगत होत्या. मला कुठेही चालेल मावशी. पण कुठे तरी पाहिजेच." शेवटचं वाक्य बोलताना हसत नव्हती.

१६ मार्च

स्टुडिओत काल चार प्रती सांगितल्या, आज मिळाल्या. केसरबाईंना कळू दिलं नाही. तरी कळलं. एक नारळ पाठवला, उतरवून टाका म्हणून. आम्ही वडी केली.

चारी पाकिटं एका वेळी स्टेशनवर टाकली. मार्थाने डोळे मिटून टाकली, कुठलं आधी ते कळू नये म्हणून.

२६ मार्च, गुड फ्रायडे

उपास. देवळात फार गर्दी. नेमकी आजच होळी, त्यामुळे संध्याकाळी इकडे शांत, तिकडे ढोल. अंगणात बसून दोन्ही ऐकलं. डोंगरात आज किती होळ्या दिसत असतील, मार्था सांगत होती. लहानपणी वडिलांच्या खांद्यावर बसून मोजायची.

लाहोरचं कालच आलं. मुलींच्या राहण्याची सोय नाही. दावीदच्या भाषेत, वासरू इकडे आलं नाही. मार्थाला वाईट नाही वाटलं. खरंच नाही वाटत, त्या रीतीत तथ्य आहे.

माझं तर लोकरीचं विणकाम वाचलं.

३ एप्रिल

कलकत्त्याच्या जागा भरल्या. फार गोड इंग्रजीत लिहिलंय, सिस्टरांची आठवण झाली. राहिली दोन.

खांडबाऱ्याचे लोक पुन्हा येऊन गेले म्हणे. दावीदने निरोप धाडलाय, लवकर काय ते कळवा. मार्था दवाखान्यातून येताना पोस्टावरून येते. तो रस्ता लांबचा आहे.

गाते मात्र सारखी. सूर चांगला आहे पोरीचा. पेटीवाल्याचं नुकसानच.

९ एप्रिल

मद्रास. हो म्हणतात.

मीच वाचून दाखवलं, तीही वाचत होती मागून. जूनमध्ये हजर व्हायचं. येणार की नाही ते उलट टपाली कळवायचं, नाही तर जागा दुसऱ्याला. मार्था खालीच बसली. मग उठून मला मिठी मारली, मग डॉ. बाईंना सांगायला पळाली, चपला इथेच.

मी शिरा केला. तूप जास्त पडलं, डोळ्यांत धूर गेला. चुलीचा.

मुंबईचं काहीच नाही.

११ एप्रिल, रविवार

निरोप मिळताच दावीद आला. पत्र हातात घेऊन उलटंसुलटं केलं, शिक्का बघितला. मद्रास कितलं लांब, विचारलं. मी नकाशा दाखवला. त्याने बोट नंदुरबारवर ठेवलं, दुसरं मद्रासवर. हात ताणला तरी पुरेना.

मग कोणाकडेच न बघता म्हणाला, "मुंबईनं आजून उत्तर उनं नही ना? चार दिन थांबी जाऊत का?"

अट घालणारा हा! माझ्या तोंडून "हो, थांबू" निघालंच होतं.

मार्था त्याच्याशी त्यांच्या बोलीत बोलली. मला एवढंच कळलं, पाणी. मग माझ्यासाठी मराठीत: "मावशी, चार दिवसांत मद्रासची जागा गेली, आणि मुंबईने नाही म्हटलं, तर?" आवाज बारीक, पण मान फोटोतल्यासारखी.

दावीद चष्मा पुसत राहिला. तोच, जत्रेतला. मग उठला नि बैलांना पाणी दाखवायला गेला. हो नाही, ना नाही.

उत्तर मी लिहून ठेवलंय. माझं इंग्रजी अजून चांगलं आहे. सुरतेकडची डाक उद्या सकाळी येते, तीत मुंबईचं काही असलं तर असलं. मार्था म्हणते, आजच टाकून येऊ. मी म्हटलं, पाकीट चिकटवायला घरात डिंक नाही.

"भाताचं शीत चालतं मावशी."

आज भात नको, भाकरीच टाकू म्हटलं.