उजेडाची तपासणी

२ मे २०२५
आजपासून मी नोकरदार बाई! नवनाथनं, माझ्या लेकानं, आमलीच्या खोलीवरून स्कूटरवर आणून सोडलं. ओळखपत्रावर छापलंय, ‘कावेरीबाई, वाहन स्वच्छता’. कारखान्यात बाळांच्या दुधाच्या पावडरीचे डबे होतात. माल न्यायला येणारी प्रत्येक बंद गाडी झाडायची, पुसायची, वाळवायची, वास घ्यायचा आणि फॉर्मवर सही करायची. धुळ्याला जन्मभर नाकाला पदर लावून गोठा काढला, इथं नाकाचीच नोकरी! सुपरवायझर गोकुळ माझ्याच जिल्ह्याचा. म्हणाला, माय, इथं सही म्हणजे जबाबदारी. पन्नाशीत गिरवलेली माझी अक्षरं कौतुकानं बघत होता.

५ मे
उजेडाची तपासणी शिकले. पुसून झालं की आपण आत उभं राहायचं, ड्रायव्हर बाहेरून दार लावतो. काळोखात उजेडाचा ठिपका दिसला तर पत्र्याला भोक, गाडी बाद. आतून ठोकलं की तो उघडतो. पास झालेली गाडी रिकामीच सील करून मैदानात उन्हात ठेवतात, भरायचा नंबर येईपर्यंत.
काळूच्या हिरव्या गाडीत दोन ठिपके दिसले, शेजारीशेजारी. काळू इथल्याच सुरंगी गावचा, देवमाणूस. फेरी बुडाली तरी वर मलाच चहा पाजला.

९ मे
काळूनं पत्रा दाखवून आणला. भोक नाही. मीही बोट फिरवलं, कुठं खरचटलेलंसुद्धा नाही. दार लावलं. ठिपके त्या दिवशी माझ्या डोक्याइतके उंच होते, आज गुडघ्याशी. कुणी भिंतीला टेकून बसावं तसे. आणि मिटले. पुन्हा उघडले.
गोकुळ खो खो हसला. माय, आधी मोतीबिंदू काढून ये, म्हणाला.

१२ मे
मोठ्या तपासणीचे साहेब यायचे होते. गाड्यांची रांग, ड्रायव्हर सकाळपासून उपाशी. गोकुळ कावला. आधी सह्या दे, मग बघत बस तुझे काजवे. भुकेनं सुकलेली ती तोंडं बघून माझं मेलीचं मन विरघळलं. कोऱ्या फॉर्मांवर सह्या करून दिल्या.

१४ मे
काळूला खोदून विचारलं. घळाघळा रडला. माझ्या आधी या कामावर झुंबर होती, दुधनी गावची. गेल्या वर्षी मे महिन्यात तिनंही आधी सही दिली, मग याच हिरव्या गाडीत आत गेली. काळू त्या दिवशी रजेवर. सही दिसली म्हणजे बाई बाहेर, असं धरून बदली ड्रायव्हरनं सील मारलं. मैदानात तीन दिवस. ऊन हे असं.
कारखान्यानं कागदावर लिहिलं, गाडी स्वच्छ, चूक झुंबरची.
मग गाडी धुवायला दुसरी बाई आणली. ती मी.

१५ मे
सह्या परत मागितल्या. गोकुळनं माझ्यासमोर कागद फाडले. मोजायला हवे होते —
काळू आज नाही. गाडीवर नवा माणूस. लेकरांच्या तोंडी जायचं, न बघता कशी सोडू? आत आले. दार लागलं. मोबाईल गेटवर जमा. पदरात ही वही तेवढी.
ठोकतेय. ओरडतेय. बाहेर पाण्याचा पंप धडधडतोय —
त्यावरून गोकुळ ओरडून सांगतोय, फॉर्मवर सही आहे ना तिची? मग मार सील. ठोकतं कोण? अरे, पत्रा तापला की वाजतो —
गाडी हलली. उन्हात आली. हात टेकवत नाही —
ठिपके जवळ — वहीवर वाकलेत — त्यांच्याच उजेडात लिहितेय —
झुंबर, बाई, तू किती वेळ —