गेटमनची भूमिका

गुढियारी, रायपूर
९ फेब्रुवारी २०२५

प्रिय शांताआत्या,
सप्रेम जय भीम.

तुझा गुडघा आता कसा आहे? गोंदियाच्या डॉक्टरांनी दिलेला पट्टा तू लावत नाहीस, असं कळलं. लाव गं. इकडे सगळे ठीक आहेत. आईचं बीपी ताब्यात आहे. आमच्या बंधुराज यशदीपला तेलीबांध्याच्या एका ऑफिसात काम मिळालं आणि त्याचं उरलंसुरलं मराठीही संपलं. आई मराठीत रागावते, हा हिंदीत माफी मागतो. बाबांची तब्येत चांगली आहे. जेवतात, झोपतात, पेपर वाचतात.

फोन सोडून पत्र का, असं तुला वाटेल. फोनवर आई शेजारी असते. शिवाय शाळेत जाण्याआधी मला मराठी अक्षरं तू शिकवलीस. त्यामुळे काही नीट विचार करून सांगायचं असलं की अजूनही तुझ्यासमोर पाटी घेऊन बसावंसं वाटतं.

तू नाटकाबद्दल विचारलं होतंस. आमचे दिग्दर्शक नरेश भैया यांनीच ते हिंदीत लिहिलं आहे. रंगमंचावर रेल्वेचं एक फाटक आहे, बाकी काही नाही. रूळ नाहीत, रस्ताही नाही. गेटमन फाटक बंद करतो आणि लोक येऊन थांबतात. बाजूला मोकळी जागा आहे, तिथून सहज जाता येईल, पण कोणी जात नाही. गाडी कधी येणार विचारलं की तो सांगतो, गेली. मग फाटक उघडा म्हटलं की सांगतो, आल्यावर उघडीन. थांबल्या थांबल्या एका जोडप्याचं लग्न ठरतं आणि मोडतंही. तो गेटमन मी आहे. घरी मी फक्त एवढंच सांगितलं होतं की एका सरकारी कर्मचाऱ्याची भूमिका करते. ते खोटं नव्हतं.

सुरुवातीच्या तालमींत माझं फार वाईट होत होतं. मिशी लावून मी हसवायला बघायचे आणि कोणी हसायचं नाही. नरेश भैया म्हणाले, "हँसाओ मत, रुचिता. वो आदमी ड्यूटी पर है. बस ड्यूटी करो."

ड्यूटीवरचा माणूस मी जवळून एकच पाहिला आहे.

बाबा गेटमन होते ते मांढरकडचं फाटक बंद झालं, तिथं खालून रस्ता निघाला, बाबा रिटायर झाले. तरी घरामागून मालगाडी निघाली की ते ताटावरून उठायचे, हे तू पाहिलं आहेस. उजवा हात पायजम्याला पुसायचा, नाडी घट्ट करायची, गच्चीच्या कठड्याशी ताठ उभं राहून हात आडवा धरायचा. हातात झेंडी नाही. नजर चाकांवर, कुठं धूर निघतोय का, काही लोंबतंय का. शेवटचा डबा गेला की स्वतःशीच "राइट" म्हणायचं आणि येऊन थंड भात जेवायचा. आई चिडायची. मी कधी हसले नव्हते.

मी ते सगळं उचललं. हात पुसणं, नाडी, ते "राइट", सगळं. पहिल्या प्रयोगाला लोक इतके हसले की मला पुढचं वाक्य थांबवून धरावं लागलं. हे तुला कुठं सापडलं, असं नरेश भैयांनी विचारलं, तेव्हा मी सुचलं म्हणून सांगितलं. नट तर सगळीकडूनच घेतात, असं मी स्वतःला समजावत होते.

मागच्या रविवारी बूढापाऱ्यातल्या सभागृहात प्रयोग होता. मला न सांगता यशदीप आई-बाबांना घेऊन आला. तिसऱ्या रांगेत बाबांची राखाडी कानटोपी दिसली तेव्हा न दिसणाऱ्या गाडीला हात धरायचा प्रसंग यायला अजून वेळ होता.

आत्या, यापुढचं मला नीट लिहायचं आहे. तो प्रसंग आटोपता घेता आला असता. हात पुसला नसता, नुसती उभी राहिले असते, तरी बाकीच्यांनी सांभाळून घेतलं असतं. मी तसं ठरवलंही. पण हात पायजम्याकडे गेला, हशा आला, आणि तो एवढा मोठा होता की मी हात नेहमीपेक्षा जास्त वेळ आडवा धरून ठेवला. मला तो हशा हवा होता. बाबांकडे मी पाहिलं नाही.

प्रयोगानंतर बाबांनी आम्हाला बूढा तालाबजवळ गुपचूप, म्हणजे इथली पाणीपुरी, खाऊ घातली. ठेलेवाल्याला सांगत होते, "हमारी लड़की है, नाटक में हीरो है."

सोमवारपासून बाबा गाडीला उठत नाहीत.

वर मी त्यांची तब्येत चांगली लिहिली, ती चांगलीच आहे. शिट्टी होते, ते ताटात बघतात, घास सावकाश चावतात. आई खूश आहे. शेजारच्या विनोदिनी काकूंना सांगत होती, पोरीच्या नाटकानं गुण आला, सुटलं एकदाचं ते भूत. मी तिथंच होते.

काल दुपारी आई गोल बाजारात गेली तेव्हा मी माफी मागायची म्हणून त्यांच्याजवळ जाऊन बसले. मागून मालगाडी निघाली. ते हलले नाहीत.

"बाबा, काहून उठत नाही आता?"

"लोकं हासून राह्यले होते ना बाई," ते म्हणाले. "मले मालूमच नव्हतं, हे इतकं हासण्यासारखं दिसते म्हणून."

मी म्हटलं, चुकलं माझं, नाटकातून ते काढूनच टाकते. तर ते एकदम घाबरल्यासारखे झाले.

"काढू नको. तू मस्त करून राह्यली. चार्ज तुले देल्ला समज. एका फाटकावर दोन गेटमन असते का?"

आणि हसले. खरंच हसू आलं की मला बरं वाटावं म्हणून, ते मला कळलं नाही. बदलीचा रिलिव्हर येऊन उभा राहिल्याशिवाय गेटमनला जागा सोडता येत नाही, हे तुला माहीत आहे. रिलिव्हर आला नाही म्हणून बाबांची किती जेवणं फाटकावर झाली. त्यांच्या हिशेबानं त्यांनी नियमानुसार ड्यूटी सोडली. माझ्या हिशेबानं मी ती त्यांच्या हातून काढून घेतली, तीही लोकांसमोर.

शनिवारी बिलासपूरला प्रयोग आहे. भूमिका सोडली तर त्यांनी दिलेला चार्ज टाकून दिला असं होईल. केली तर लोक पुन्हा त्यांनाच हसतील. तू मोठी बहीण आहेस, तू येऊन दटावलंस तर ते उठतीलही. पण दटावून उठलेले बाबा मला बघवतील का, तेही सांगता येत नाही.

आज सकाळी मालगाडी आली तेव्हा कोणीच उठलं नाही, म्हणून मी उठले. गच्चीवर जाऊन हात आडवा धरला. नाटकात गाडी नसते. इथं ती खरी होती आणि चाकं अशी भराभर जात होती की मला काहीही ओळखू येईना. शेवटचा डबा गेला आणि आतून बाबांचा आवाज आला, "राइट?"

मी राइट म्हटलं. त्यांनी पुढचा घास घेतला.

मला काहीच दिसलं नव्हतं, आत्या.

गुडघा बरा असेल तर ये. तू येईपर्यंत मी उठत राहीन.

तुझी,
रुचिता